सियागंजात, पिंजरा घेताना

मुर्तुझाभाईंच्या दुकानात शिरले आणि म्हणाले,
घूस पकडायची आहे.
ते खिळे जोखत होते. मान वर न करता म्हणाले,
उसके लिए तो लोकायुक्त है, बेन.
दुकानातली दोन्ही पोरं हसली. मीही.
इंदुरात जन्म गेला, तरी
विचार मराठीत करते आणि हिंदीत फसते.

मग हातांनी आकार दाखवला.
मांजराच्या पिल्लाएवढी. नाही, अजून मोठी.
निशिगंधाचे कंद खाते, अख्खी ओळ संपवली,
अळूच्या मुळाशी बोगदा,
आणि तोंडाशी मातीचा ढीग इतका नेटका
की कुणी चाळणीने चाळून ठेवलाय.
अच्छा, चूहा. बड़ा वाला, असं म्हणून
त्यांनी माळ्याला शिडी लावली.

आधी चाप उतरला. लोखंडी दात.
त्यांनी मध्ये पेन्सिल धरून दाखवली.
पेन्सिल माझ्या पायाशी येऊन पडली, अर्धी.
मग गोंदाचा पुठ्ठा. त्यावर चिकटलेला जीव
सकाळपर्यंत ओरडतो, हे ते बोलले नाहीत,
आमच्या खालच्या वानखडे वहिनींकडे मी ऐकलंय.
मग पुडी, राखाडी भुकटीची, कणकेत मळायची.
घर में कुत्ता-बिल्ली तो नहीं?
शेवटी पिंजरा. जाळी, कडी, आत आकडा.

जिंदा चाहिए कि खतम?

चौरेबाबूंचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं.
रजिस्ट्रीच्या कचेरीत एकोणीस वर्षं
आम्ही एकाच डब्यातलं लोणचं खाल्लं.
त्या मंगळवारी नोटा आल्या, पावडर लावलेल्या.
काही वाजलं नाही, चाप नाही, दार नाही.
दोन माणसांनी त्यांचे मनगट धरले,
काचेच्या ग्लासात बोटं बुडवायला लावली
आणि पाणी गुलाबी झालं,
लग्नातल्या सरबतासारखं.
सगळे ग्लासाकडे बघत होते. मी त्यांच्या चपलांकडे.
त्यांच्या टेबलाखालचा ढीग
मला कित्येक वर्षं दिसत होता.
माझ्याकडेही दिवाळीला डबा यायचा.
मिठाईचाच. बहुतेकदा.

जिंदा, मी म्हणाले.
छोड़ोगे कहाँ?
ह्याचा विचार केला नव्हता.
बिलावलीच्या पाळीवर, मी ठोकून दिलं.
मारली असती तर दुसरीच पंचाईत,
सकाळी कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं होतं,
मेलेली घूस ओल्यात टाकायची की सुक्यात?
गाणं वाजत राहिलं, तो विचार करत राहिला,
मागच्या गाडीने हॉर्न दिला.

भजं लावू का आकड्याला?
मुर्तुझाभाई पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले,
इंदौर का चूहा है, बेन. कचोरी लगाओ.
पक्कं बिल घेतलं तर साडेचारशे,
नाहीतर चारशे.
चारशे दिले. पिंजरा रद्दीच्या कागदात बांधून
रिक्षात मांडीवर घेऊन आले.

पहिल्या रात्री कचोरी गेली, दार उघडंच.
दुसऱ्या रात्री काही नाही.
तिसऱ्या रात्री पिंजऱ्याच्या शेजारीच
नवा ढीग, अगदी चिकटून,
जणू तिनेही वस्तू पारखून बघितली.
कडी थोडी घासली, खोबरेल लावलं.

आज पहाटे दार पडलेलं होतं.
ती कोपऱ्यात नव्हती, जशी मला वाटली होती,
समोरच उभी होती, जाळी धरून.
मी बॅटरी मारली.
केस राठ, डोळे काळे, मिशांना शेव.
आणि पुढचे पंजे, ओले,
बोटं मोजता येतील असे,
गुलाबी.

रिक्षावाल्याला फोन केलाय.
काय न्यायचंय ते सांगितलं नाही.