आर तेरा

सातेरी घाडी, वय एकाहत्तर, नंदगड.
पेज प्याला की ठसका.
आर तेरा, गिळण्याचा त्रास. टाकला कोड.

डॉक्टरांची सही राहिलेली, म्हणून फाइल घेऊन वर गेले.
सिस्टर चमचा धरून : ‘नुंगरी अज्जा, नुंगरी.’
बायको : ‘गिळा की ओ.’
तो दोघींकडे बघत, पेज गालातच.
मग ठसका.
‘लेक आठवण काढतीया वास्कोत,’ बायको मला म्हणाली,
आणि पदरानं त्याची हनुवटी पुसली.

एक्स-रेत उजवं फुप्फुस खालून पांढरं.
पेज तिथं पोचली होती.
जे एकोणसत्तर पॉइंट शून्य.
आर तेरा आता दुसऱ्या ओळीत.

फाइल बांधताना दिसलं,
नातेवाइकाच्या रकान्यात वास्कोचा नंबर,
नऊच आकडे.