सातवा चौकोन

नोटीस लागली तेव्हा बोर्डावर
दोन संपलेल्या परीक्षांची वेळापत्रकं होती,
त्यांच्या मधोमध, एका टाचणीवर:
उन्हाळी संशोधन, आठ आठवडे, विद्यावेतन मिळेल,
दिव्यांगांसाठी साधनं, ढाके सरांना भेटावं.
मी भेटले. खरं सांगायचं तर
विद्यावेतनासाठी भेटले.

सरांनी विचारलं, कुणासाठी करणार?
म्हटलं, ज्यांना बोलता येत नाही अशांसाठी.
म्हणाले, अशांसाठी नको. एक नाव आण.

नाव मिळालं बेटावदला.
जळगावहून सकाळची पॅसेंजर,
धरणगाव, अमळनेर, पाडसे,
मांडीवर खोका, खोक्यात बोलणारी पाटी,
खिडकीच्या गजाला हात लावू नये असा मे.
हर्षाली. वय अकरा.
मान डावीकडे, हात त्यांच्या त्यांच्या मर्जीचे,
डोळे मात्र दारात माझ्या आधी पोचलेले.

पाटीवर सहा चित्रं, मीच काढलेली.
पाणी, जेवण, झोप, दुखतंय, वगैरे.
"मला तहान लागली आहे," पाटी म्हणाली
बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात,
आणि घरभर हसू फुटलं.
सगळ्यांत उशिरा थांबलं ते हर्षालीचं.
आई पदरानं डोळे पुसत म्हणाली,
आमना घरमा आशी कोन बोलस वं?

मग आवाज घेतला चुलतबहिणीचा, डिंपलचा,
पंखा बंद करून, घाम गाळत,
तीनदा घेतला, कारण दोनदा कोंबडा मधे आला.
माले तीस लागनी.
आता कुणी हसलं नाही. तांब्या आला.
मी वहीत लिहिलं: यशस्वी.

तिनं पाणी प्यायलं नाही.
मूठ आपटत राहिली सातव्या चौकोनावर,
जो मी रिकामा सोडला होता
पुढच्या वर्षी कुणी भरेल म्हणून.
बाहेर निंबाखाली पोरं खेळत होती,
मोगरीची बॅट, चपलांचे स्टंप,
भांडण धावांपेक्षा जास्त.
खाट दारातच. ती रोज बघते,
कुणाचा पाय कुठं होता, तिला ठाऊक असतं.
डिंपलच म्हणाली, ताई, तिले आउट देनं शे.

अडचण अशी: नकळत झालेला स्पर्श गाळायला
पाटी सव्वा सेकंद थांबते.
तेवढ्यात चेंडू पांझरेच्या उताराला लागतो
आणि पोरं दुसऱ्या भांडणात असतात.
रात्री जागून मी एक सेकंद केला,
मग पाऊण, तर पाटी सुटलीच,
आउट, आउट, आउट, शेळीसुद्धा आउट.
परत सव्वावर आणलं.
सर फोनवर म्हणाले, जमलं नाही असं लिही.
तेही संशोधनच.
लिहिलं. 'उणिवा' या मथळ्याखाली,
पहिल्या नंबरला.

सहाव्या आठवड्यात पोचले
तर खेळ मधेच गोठलेला.
बोलरचा हात वर, फिल्डर ओणवे,
एकानं तर जांभईसुद्धा अर्धी धरलेली.
काय झालं रे?
थांब ना ताई, हर्षाली बोली राह्यनी.

कुणी ठरवलं, कधी ठरलं,
विचारलं तर पोरं माझ्याकडं अशी बघत राहिली
जशी मी विचारलं, स्टंप तीनच का.
माझ्या कोडमध्ये यातली एकही ओळ नाही.

बॅटवर भावेश, तिचा सख्खा भाऊ,
कालपासून आउट न झालेला.
पाटी डिंपलच्या आवाजात म्हणाली, आउट.
मशीन बिघडी गयं! तो ओरडला,
ताई, सांग ना, बिघडी गयं ना?
मी काही बोलले नाही.
सगळ्यांनी खाटेकडं पाहिलं.

तिनं मान वळवली. मूठ उचलली.
मूठ भलतीकडं गेली, वाटेत थबकली,
परत आली,
सातव्या चौकोनावर टेकली
आणि तिथंच राहिली.

सव्वा सेकंद.
कुणी हललं नाही,
शेळी सोडून.