तीन बाटल्या व्हिनेगर

जळलं तसं फारसं काही नाही.
इन्व्हर्टर, त्यावरचं फडताळ, दाराची एक चौकट.
बाकी घराला नुसता धूर लागला,
असं कागदावर लिहून फोंड्याचा माणूस
रुमालाने नाक पुसत गेला.
रुमाल काळा.

पिएदादने कुंपणावरून
माडाच्या व्हिनेगरच्या तीन बाटल्या दिल्या.
लगेच पाणी लावू नकोस, म्हणाली, पसरतं.
आधी कोरडं झाडून काढ.
मग खालून वर पूस,
नाहीतर ओघळ राहतात.
तिला कसं ठाऊक, ते विचारलं नाही.

कोपऱ्यांत कोळ्यांची जाळी निघाली.
इतकी वर्षं दिसली नव्हती,
धुराने एकेक धागा गिरवून ठेवलेला.
आणि मी बोरीभर टापटिपीची म्हणून प्रसिद्ध!

कॅलेंडर काढलं, मागे पांढरा चौकोन.
घड्याळामागे पांढरा गोल.
त्या रात्री उघडं राहिलेलं दार ओढलं
तर मागची भिंत जशीच्या तशी,
आणि तिच्यावर पेन्सिलीने, शांबाच्या अक्षरात,
इलेक्ट्रिशियनचा नंबर.
खाली लिहिलेलं: वायर. चवथीआधी.
कुठल्या चवथीआधी, ते नाही.

दोघांनी एकदमच वाचलं.
तो बादली घेऊन विहिरीवर गेला.
रहाटाचा आवाज
बराच वेळ आला नाही.

आज पाचवा दिवस.
दोन बाटल्या संपल्या.
माटोळीच्या हुकांपर्यंत हात पोचलाय,
घराला लोणच्याच्या बरणीचा वास.
दाराआडची भिंत सोडून
सगळीकडून पुसत आणलंय.
नाक शिंकरलं
की अजून काळंच येतं.