घरापासून तीन मिलिमीटर

सेसीच्या शेतांखाली शंभर मीटरवर
प्रोटॉन प्रोटॉनवर आदळतायत
आणि वर गाई निवांत रवंथ करतायत.
पहाटेचे चार. ज्युरावरून उतरलेलं धुकं
कंट्रोल रूमच्या काचेला येऊन टेकलंय.
मी चुंबकाचं तापमान बघत बसतो, माझं काम तेवढंच.
शेजारी इल्दिको, तिसऱ्या कॉफीत साखर विसरलेली.

तिला झेड हवा असतो,
आणि त्याच्यासोबत आलेला एक जड पाहुणा.
झेड तसा सरळमार्गी. जाताना दोन म्युऑन ठेवून जातो,
त्यांच्यावरून वस्तुमान काढा, ताळा जुळतो,
एक्याण्णव, किंवा त्याच्या अलीकडे-पलीकडे.
पाहुण्याचं तसं नाही.
तो जेटच्या झुंबडीत तोंड लपवून येतो.
कुणी त्याला तळ म्हणतं, कुणी सौंदर्य.
इल्दिको नुसतं 'बी' म्हणते.

सेकंदाचे लाख कोटी तुकडे करावेत,
त्यातले दीड त्याच्या वाट्याला.
पण वेग असा, की तेवढ्यात तो
घरापासून तीन मिलिमीटर दूर जाऊन मरतो.
एवढंच त्याचं गाव सोडणं.

मग रेषा उलट पावली चालवत न्यायच्या.
ज्या धडकेच्या बिंदूशी पोचतात, त्या इतरांच्या.
ज्या जरा बाजूला एकमेकींना भेटतात, त्या त्याच्या.
म्हणजे बहुधा.
कारण चार्मही असाच घर सोडतो, थोडा अलीकडेच पडतो,
आणि एखादा अगदी किरकोळ, हलका क्वार्क
उगाच भारदस्तपणाचा आव आणतो.
किती तोतये आत शिरले, किती खरे निसटले,
या हिशेबात तिची दोन वर्षं गेली.
बुडापेश्टला तिच्या बहिणीचं लग्न होऊन
मोडलंही तेवढ्यात.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
इथे पगार त्याचाच:
हा प्रोटॉनात आधीपासून दडून होता,
की ऐनवेळी ग्लुऑन फुटून जन्मला?
दोन पंथ आहेत. दोघांची गणितं चोख,
उत्तरं वेगळी.
तिचे ठिपके मधोमध पडतात, काळ्या दांड्यांसकट,
दोघांनाही थोडं थोडं नाराज करत.

मंगळवारच्या बैठकीत हिग्सवाला तांक्रेद म्हणाला,
"तुझा आकडा लवकर दे ना.
आम्हाला तो वजा करायचाय."
वाईट हेतूने नाही. तो खरंच चांगला मुलगा आहे.
इल्दिको हसली, वहीच्या कोपऱ्यात
एक वजाबाकीचं चिन्ह गिरवत राहिली,
कागद फाटेपर्यंत.

आज पहाटे नऊ टक्क्यांची दांडी सातवर आली.
तिने ते कुणालाच सांगितलं नाही. मला दिसलं,
कारण तिने बूट काढले आणि पाय खुर्चीवर घेतले.

शिफ्ट संपल्यावर आम्ही बेकरीत गेलो.
मादाम शापुई नेहमीसारखी म्हणाली,
"मग, काय नवीन सापडलं का खाली?"
"नाही. जे होतं तेच. जरा नीट."

मादामने मान डोलावली, तिला घाई होती.
ती पिठाचे गोळे तोलत होती:
अडीचशे, दोनशे अठ्ठेचाळीस,
अडीचशे दोन.
इल्दिको सुटे पैसे हातात धरून
कितीतरी वेळ तो काटा बघत उभी.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.