कलम चार, पोटकलम दोन

उदगीरच्या मोंढ्यामागं, डाळमिलच्या भुशानं
पिवळा पडलेला माझा बोर्ड : कर सल्लागार.
समोर मन्मथ बिराजदार, हल्ली मुक्काम स्टुटगार्ट,
मांडीवर पासपोर्ट, पासपोर्टात घडी घालून
वडिलांच्या डिस्चार्जचा कागद.

"दोन्हीकडून नोटीस आलीय," म्हणाला.
"तिकडचे म्हणलालेत तू आमचा, इकडचे म्हणलालेत आमचा.
एवढा कुणाला हवा नव्हतो मी आजवर."

गेल्या साली एकशे चौऱ्याण्णव दिवस राहिलास इथं.
एकशे ब्याऐंशी भरले की इकडचं दार आपोआप लागतं,
आणि तिकडं घर आहेच, म्हणजे तिकडचंही लागलेलं.

हे बघ,
एका गोणीची तोलाई दोन काट्यांवर घ्यायची नाही,
एवढं ठरवायला दोन सरकारं
टेबलाच्या दोन बाजूंना बसली होती कधीतरी.
दुकानगाळा उदगीरचा, तर भाड्याचा पहिला घास उदगीरचा.
दुसऱ्यानं एक तर ते सोडायचं,
नाहीतर भरलेलं वजा करायचं, आपल्या मापापुरतं;
वर सांडलं ते सांडलं.

माझे आजोबा निजामाच्या करोडगिरी नाक्यावर कारकून,
येडशीच्या पुढं. पलीकडं इंग्रजांची बार्शी.
तंबाखूच्या एकाच गाठोड्यावर
अलीकडं हाली सिक्क्यात, पलीकडं जकात कलदारात.
तेव्हा असला कागद नव्हता.
लोक रात्री ओढ्यातून जायचे.

तर आता पायऱ्या. एकेक उतरायची.
कायमचं घर कुठं?
"दोन्हीकडं."
मग पुढची : जिव्हाळ्याचे संबंध जास्त कुठं?
खरंच तसं लिहिलंय. कलम चार, पोटकलम दोन.
इंग्रजीत जरा कोरडं वाटतं, एवढंच.

मन्मथ पंख्याकडं बघत राहिला.
"पोरगी तिकडं. दातांना तारा बसवल्यात,
दर महिन्याला आवळाव्या लागतेत.
फ्लॅटचे हप्ते तिकडं. सायकल तिकडं.
इकडं बाप. डाव्या हातानं घास धरायला शिकलालेत."
थांबला.
"ह्याला मार्क कसे देतेत?"

नाही ठरलं तर अजून पायऱ्या आहेत, मी म्हणालो.
नेहमीचं राहणं कुठं. मग नागरिकत्व.
तरी नाही जमलं तर दोन देशांचे दोन अधिकारी
तुझ्याबद्दल एकमेकांना पत्रं लिहितात.
"माझ्याबद्दल?"
हो. वर्ष जातं, दोन जातात.

शेवटी आम्ही तिकडचं लिहिलं.
पोरगी, हप्ते, नोकरी, ह्या क्रमानं.
सही करताना पेन त्यानं एकदा उचलला,
परत टेकवला.
तिकडच्या रहिवासाचा दाखला मागवून घे म्हणालो,
फी सांगितली. घासाघीस केली नाही.

दारातून वळला.
"एक राहिलं. फोन आला त्या दिवशी
पहाटे तिकडून निघालो, रात्री अकराला हैदराबादला उतरलो.
ती तारीख तुम्ही इकडं धरलीत."
धरावी लागते.
"तिकडंही धरलीय त्यांनी."
धरतात.
"मग एका दिवसाची वजावट?"

मिलचा भोंगा झाला, हमाल चहाला निघाले.
दिवसांची नसते, म्हणालो,
आणि फाईलवरचा भुसा फुंकला.