उसनं विरजण

दाढेचं निमित्त झालं.
सात दिवस गोळ्या, मग आणखी सात.
दाढ बरी झाली
आणि पोटातली वस्ती उठली.

साठ वर्षांत जमलेली वस्ती.
वडनेरच्या विहिरीचं पाणी, आईची आंबील,
वॉल्सॉलच्या बाजारातून येता येता
न धुता तोंडात टाकलेल्या स्ट्रॉबेऱ्या,
ज्यानं त्यानं आणून सोडलेले ते भाडेकरू
एका पिवळ्या कॅप्सूलनं बेघर केले.
रिकाम्या घरांत मग शिरला
एकच दांडगा, लांबलचक लॅटिन नावाचा.

दिवसाला अकरा वेळा. बारा वेळा. मी मोजणं सोडलं.
ह्यांनी संडासाच्या दाराशी खुर्ची आणून ठेवली,
तिच्यावर बसून पेपर वाचायचे, मोठ्यानं,
कचरा उचलायचा वार बदलला वगैरे,
आत मला एकटं वाटू नये म्हणून.
चौतीस वर्षांत इतकं उघड प्रेम
ह्या माणसानं केलं नव्हतं.

डॉक्टर प्राइस वेल्श आहे, बोलतो ते गातोय असं वाटतं.
म्हणाला, मिसेस गोडांबे, एक उपाय आहे,
ऐकून पळून जाऊ नका.
पळायला ताकद कुठे होती.
कुणा निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू,
तपासून, गाळून, गोठवून,
नाकातल्या नळीनं माझ्या पोटात.

मला मथूमावशी आठवली,
परक्याची सावली पडली म्हणून
भरलेला हंडा ओतून देणारी.
मावशी, आता काय काय ओतून देशील?

हे बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, म्हणजे विरजणच की.
शेजारून वाटीभर आणायचं, तसं.

खरंच की.
बेत फिसकटला की आपण म्हणतो, विरजण पडलं.
ज्यानं हे पहिल्यांदा म्हटलं
त्याला दही आवडत नसावं.

कोणाचं, ते सांगत नाहीत.
नळी सारखी करता करता
नर्स ओयिंडाच्या तोंडून एवढंच निसटलं:
तिशीतला आहे. इथलाच.

इथलाच.
ब्लॉक्सविचच्या शाळेत एकवीस वर्षं
जाळीची टोपी घालून मी जेवण वाढलं.
चिप्सपुढे ही रांग, मटारपुढे काळं कुत्रं नाही.
कीरन, एक चमचा.
हरलीन, गाजर राहिलंय.
डेशॉन, डाळ आहे ती, माती नाही.
डोळे वटारून वाढायची.
माझी पाठ वळली की सगळं बादलीत,
हेही ठाऊक होतं.
पण कुणा एकानं खाल्लं असेल.
कुणाला तरी, चुकून, आवड लागली असेल.

पाचव्या दिवशी मी रात्रभर झोपले.
हे मात्र सवयीनं खुर्चीवर, पेपर मांडीवर, घोरत.

आहारतज्ज्ञ मुलगी कागद देऊन गेली:
कांदा, लसूण, ओट्स, वाटाणे. हळूहळू वाढवा.
तुम्हाला न पचणारा चोथा, तेच त्यांचं जेवण.
ते जेवले की जे उरतं
त्यावर आतड्याचं अस्तर जगतं.
मला हे समजावून सांगावं लागलं नाही.
वाढणारी बाई शेवटी जेवते,
उरल्यासुरल्यावर जेवते,
आणि धडधाकट राहते.

आज घरी उसळ केली, फ्रीजरमधल्या मटारची.
खोबरं नव्हतं. तसंच.
पहिला चमचा गिळला
आणि आत कुणीतरी तोंड वाकडं केलं.
पोट गुरगुरलं, चांगलं लांबवर.

गुरगुरू नकोस, म्हटलं.
बादली माझ्या डोळ्यांसमोर आहे.
संपव.