चतकोर

आई गेली त्या वर्षी एनिस्किलनच्या वकिलानं
चष्मा पुसत वाटणी वाचली.
शेत भावाला. घर मला.
तवा डिंपनाला.
शेताचं कुणाला काही वाटलं नाही.

घर मला, म्हणजे चूल मला,
चुलीवरचा लोखंडी आकडाही मला,
ज्याला तो तवा टांगायचा.
तो नुसताच लोंबत राहिला सतरा वर्षं.
आमचा अबोलाही तेवढ्याच वयाचा.
चर्चमध्ये ती खांबाच्या अलीकडे, मी पलीकडे,
आणि प्रार्थनेला दोघींचा आवाज सारखाच बेसूर.

पोस्टमन फेलिम सांगायचा,
तिच्या विजेच्या शेगडीवर तवा डुगडुगतो,
एक बाजू करपते, एक कच्ची राहते.
मी म्हणायची, असं का.
आणि फ्रायपॅनमध्ये माझा पाव भाजायची.
जमायचं. जमायचं म्हणजे,
पोटात जायचं.

मग जानेवारीतलं ते वादळ.
सरोवराकडचे खांब आडवे झाले,
तीन दिवस गावात मिट्ट काळोख.
तिसऱ्या संध्याकाळी दार वाजलं.
दारात डिंपना, रुमालावर गारा,
कोटाखाली काहीतरी गोल, जड.
मला आधी वाटलं, ढाल आणलीय.

बोलली नाही. सरळ आत आली,
तवा उचलला, कडी आकड्यात घातली.
खट्.
हा आवाज मी विसरले होते म्हणायला हरकत नाही,
पण खोटं कशाला बोला.

मी पीटच्या दोन विटा सारल्या,
परातीत पीठ घेतलं, मीठ, सोडा.
ताकाचा जग तिनं धरला.
आता, सोडा एकदा ताकाला भेटला
की तो कुणासाठी थांबत नाही,
तिथं रुसवे चालत नाहीत.
म्हणून मला म्हणावंच लागलं,
"बास."
"अजून थोडं."
"बास म्हटलं ना."
सतरा वर्षांनंतरचं आमचं संभाषण ते एवढं.

मळायचं नसतं हे पीठ. नुसतं गोळा करायचं,
झोपलेलं मूल उचलावं तसं, आणि थापायचं.
तिनं तव्यावर चिमूटभर पीठ टाकलं.
पांढरं. पांढरं. मग सायीचं.
मग गव्हाच्या काडाचं.
"टाक."

सुरीनं आडवा छेद, उभा छेद.
आमच्याकडे या तुकड्याला फार्ल म्हणतात,
जुन्या बोलीत अर्थच त्याचा चतकोर.
एक बापाचा, एक भावाचा, एक आईचा,
आणि एक आम्हा दोघींत.
आया म्हणे आपल्या तोंडचा घास देतात.
आमची द्यायची नाही.
लोणी थापून, दाराकडे पाठ करून
आपला चतकोर आख्खा खायची.
आणि आम्ही तो चौथा
कोण मोडणार, यावर झोंबायचो.
मोडणारीच्या वाट्याला मोठा तुकडा जातो,
हे आम्हाला वकिलाच्या आधीपासून माहीत.

पोटं भाजली, पाठी भाजल्या.
राहिल्या कडा.
त्यासाठी तुकडे तव्यावर उभे करायचे,
एकाला एक टेकवून,
नाहीतर पडतात.
डिंपनानं दोन उभे केले, मी दोन.
बोटं भाजली. कुणी हाय म्हटलं नाही.

दोघींत चार. सोपा हिशेब.
सोपा हिशेब घशाखाली उतरायला वेळ लागला,
लोणी होतं म्हणून.

तेवढ्यात दिवा आला.
पिवळ्याधमक उजेडात एकमेकींकडे बघितलं.
तिच्या केसांत पीठ होतं,
निदान मला आधी पीठच वाटलं.

ती उठली. कोट घातला. तव्याकडे पाहिलं.
"गरम आहे अजून," म्हणाली.
"निवला की नेईन."

"बरं," मी म्हटलं,
आणि विस्तवावर आणखी एक वीट ठेवली.